ब्रह्मगिरीचे पाणी कोणाकोणाला?

भूगोलाच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न आहे : गोदावरी नदी कोठे उगम पावते? 'त्र्यंबकेश्वरजवळ, ब्रह्मगिरी पर्वतावर' एवढे लिहिले की गुण मिळतात आणि विषय संपतो. याच डोंगराळ भागासंबंधी आणखी एक प्रश्न विचारता येण्यासारखा आहे, तो मात्र आमच्या पाहण्यात कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. मुंबईच्या नळाला येणारे पाणी कोठून येते? त्याच्या उत्तराचा मोठा हिस्साही त्र्यंबकच्या डोंगरांतच सापडतो. नाशिक शहर जे पाणी पिते तेही इथलेच. मराठवाड्यातील जायकवाडीचा जलाशय ज्या पाण्याची दर पावसाळ्यात वाट पाहतो, त्यातलाही वाटा इथूनच निघतो. मग या डोंगरातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी बायकांना दरी का उतरावी लागते? या लेखात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू या.

प्रथम डोंगर समजून घेऊ. ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, तर पायथ्याचे त्र्यंबक गाव सुमारे ७०० मीटरवर. सह्याद्रीची ही रांग म्हणजे जलविभाजक आहे. तिच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस गोदावरीतून सुमारे १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला वैतरणा उगम पावते आणि अवघ्या दीडशे किलोमीटरच्या आसपास वाहून अरबी समुद्रात जाते. पाऊसही भरपूर. त्र्यंबक परिसरात वर्षाकाठी साधारण २००० मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तेथून २८ किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात तो ७०० मिलीमीटरच्या घरात येतो, कारण ढग घाटमाथ्यावर रिते होऊनच पुढे सरकतात. म्हणजे नाशिकच्या तहानेची तजवीज नाशिकच्या पावसावर होऊच शकत नाही.

एवढा पाऊस मुरतो कोठे? फारसा मुरतच नाही. हा सारा प्रदेश बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा. घट्ट काळ्या पाषाणात पाणी शिरायला जागा जवळजवळ नसते. ते शिरते ते भेगांतून, सच्छिद्र थरांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून. असे सांधे डोंगराच्या कड्याशी उघडे पडले की तेथे झरा दिसतो. गंगाद्वाराशी कड्याच्या पोटातून झिरपणारे पाणी पाहायला आपण विद्यार्थ्यांना नेले, तर श्रद्धेला जराही धक्का न लावता खडकांचा हा धडा तेथेच शिकवता येईल. पण झऱ्यांच्या मागे साठा थोडा असतो. चार महिने कोसळलेले पाणी तीव्र उतारावरून काही तासांत नदीला मिळते आणि दिवाळीनंतर झरे बारीक होऊ लागतात.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते असे त्यांच्या बांधकामांवरून दिसते. ब्रह्मगिरीवर त्र्यंबकगड नावाचा किल्ला आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगलांशी तह करताना जे किल्ले सोडले त्यांत तो होता, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. सह्याद्रीतल्या इतर किल्ल्यांप्रमाणे त्यावरही पाण्याची टाकी खोदलेली आहेत. जो खडक विहिरीला पाणी देत नाही, तोच टाके खोदले असता पाणी गळूही देत नाही. एकाच गुणधर्माचा एकीकडे तोटा आणि दुसरीकडे फायदा, हे किल्ला बांधणाऱ्यांनी हेरले होते. खाली गावात कुशावर्त कुंड, गंगासागर तलाव अशी बांधीव जलस्थाने झाली. तिसरे पेशवे बाळाजी बाजीराव यांच्या काळात, १७५५ मध्ये, सध्याच्या मंदिराचे काम सुरू झाले आणि ते १७८६ पर्यंत चालले. तेव्हापासून यात्रेकरूंची वर्दळ वाढतच गेली. गाव मात्र लहानच राहिले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती. बारा हजारांच्या गावाने सणावाराला लाखभर माणसांना आणि बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात त्याच्या कैक पट लोकांना पाणी पुरवायचे, ही अडचण येथे जुनीच आहे. कुंडे आणि तलाव हा तिच्यावरचा पहिला तोडगा. पुढे अहिल्या धरण, अंबोली धरण आणि गौतमी नदीवरचा बेझे प्रकल्प यांची भर पडली.

मुंबई डोंगर चढते

आता थोडे लांब, मुंबईला जाऊ. कारण या डोंगरांच्या पश्चिम अंगाचा इतिहास मुंबईत घडला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांच्या पाण्यावर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावे आजही आहेत. तलाव कधीच बुजले. पाऊस कमी झाला की विहिरी आटत. १८४५ मध्ये पाण्यासाठी शहरात चळवळ झाली, सरकारने समिती नेमली. पुढच्या दहा वर्षांत टंचाई इतकी वाढली की शहरातील गुरे बाहेर हलवण्याची वेळ आली. अखेर हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. रोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. हे पाणी कायमचे पुरेल अशी त्या वेळी अनेकांची समजूत होती. पण १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. भागाकार केला तर माणशी ४० लिटरही होत नाहीत. तेव्हा १८७९ मध्ये तुळशी, आणि तेही अपुरे पडल्यावर १८९२ मध्ये तानसा.

तानसा हे या इतिहासातले वळण आहे. विहार आणि तुळशी साष्टी बेटावर, म्हणजे शहराच्या अंगणात होते. तानसासाठी शहराने प्रथमच सह्याद्रीच्या पायथ्याशी हात लांबवला. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध आणि तेथून पंप न लावता, केवळ उताराने शहरापर्यंत येणारे पाणी. अभियांत्रिकी म्हणून हे काम आजही पाहण्याजोगे आहे.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. नळाचे पाणी आले, पण सांडपाणी वाहून नेण्याची सोय मागे पडली आणि शहराचे सखल भाग ओले राहू लागले. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला. डासांची पैदास शहरातल्या विहिरींत होते असे त्यांनी दाखवले, आणि त्यानंतर कितीतरी विहिरी बुजवल्या अथवा झाकल्या गेल्या. रोगाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु शहराजवळचे स्वतःचे पाणी त्याबरोबर सुटले आणि दूरच्या धरणांवरचा भार वाढला. एक प्रश्न सोडवताना दुसरा असा तयार होतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई वैतरणेवर आली. १९५७ मध्ये खालच्या वैतरणेवरील धरण पूर्ण झाले. त्याची आखणी करणारे महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावावरून त्या जलाशयाला मोडकसागर म्हणतात. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा झाले. हे धरण नाशिक जिल्ह्यात आहे. त्याचे पाणी आधी वीजनिर्मिती करते आणि मग वैतरणेच्याच पात्राने खाली मोडकसागराकडे जाते. पुढे भातसा आले, आणि २०१२ ते २०१४ या काळात १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण मुंबईच्या सेवेत आले. म्हणजे शहर एकेक पायरी वर चढत उगमापर्यंत पोचले.

किती पाणी, ते पाहू. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरला जातो. त्यात ऊर्ध्व वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३० आणि मोडकसागर १,२८,९२५. बेरीज केली तर ५,४९,५०२, म्हणजे एकूण साठ्याच्या सुमारे ३८ टक्के. मुंबईला रोज साधारण ३८५० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. त्याला ३६५ ने गुणून साठ्याशी ताडून पाहावे. दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. सातही तलाव भरले तर जेमतेम एक वर्ष निघते, आणि म्हणूनच जुलै महिन्यात मुंबईची वर्तमानपत्रे तलावांची पातळी रोज छापतात. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमते.

नाशिक आणि खालचे शेजारी

पूर्वेकडची कथा वेगळी आहे, कारण येथे धरणे मुळात शहरासाठी नव्हती. गोदावरी खोऱ्यात इंग्रजांनी १९१६ च्या सुमारास दारणा धरण आणि गोदावरी कालवे पूर्ण केले ते दुष्काळी भागातील शेतीसाठी. नगर जिल्ह्यातील उसाचा पट्टा त्यावर उभा राहिला. त्र्यंबककडून येणाऱ्या गोदावरीवर नाशिकजवळ बांधलेले गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, तेही प्रामुख्याने सिंचनासाठी. त्याच सुमारास सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना आला, पुढे अंबड आले. १९८२ मध्ये नाशिकला महानगरपालिका झाली. १९९१ मध्ये साडेसहा लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पावणेअकरा लाख आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांच्या जवळ पोचली. शेतीचे धरण हळूहळू पिण्याचे धरण झाले.

दरम्यान धरण स्वतःच लहान होत होते. वरच्या उघड्या उतारांवरून दर पावसाळ्यात माती वाहून येते आणि जलाशयात बसते. गंगापूरची उपयुक्त क्षमता बांधताना सुमारे ७.२ टीएमसी होती, ती ५.६३ टीएमसीवर आली. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २८३२ कोटी.) ही तूट भरून काढायला वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही दोन धरणे बांधली गेली, प्रत्येकाची क्षमता पावणेदोन टीएमसीच्या थोडी वर. म्हणजे खालच्या धरणात साठलेल्या गाळाचा मोबदला वरच्या गावांच्या जमिनींनी दिला. काश्यपीत जमिनी गेलेल्यांनी पुनर्वसनासाठी आणि महापालिकेतील नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. आमच्या मते उतारावरची माती जागच्या जागी थोपवणे हे नव्या धरणाहून स्वस्त पडले असते, निदान त्याच्या बरोबरीने तरी व्हायला हवे होते. पण धरणाचे उद्घाटन होते. समतल चराचे होत नाही.

१५ लाख लोकांना माणशी १३५ लिटर दिले तर वर्षाला किती पाणी लागेल? गुणाकार केला की सुमारे २.६ टीएमसी येते. नाशिकसाठी अलीकडच्या वर्षांत पाच टीएमसीहून अधिक पाणी राखून ठेवावे लागते. २०११ नंतर लोकसंख्या वाढली आहे, त्यामुळे सगळाच फरक उधळपट्टीचा म्हणता येणार नाही. तरी गळती आणि हिशेबाबाहेरचे पाणी यांचा त्यात वाटा आहेच. शहर मुकणे धरणापर्यंतही जलवाहिनी घेऊन गेले आहे.

आणि खाली जायकवाडी आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पूर्ण झालेले हे धरण औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) पाणी पुरवते. ज्या शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीस मलिक अंबरने जमिनीखालून नहर खेळवून डोंगराचे पाणी घरोघर आणले, ते शहर आज दूरच्या जलाशयावर अवलंबून आहे. वरच्या अंगाला नाशिक-नगरमध्ये धरणे वाढत गेली तसे खाली येणारे पाणी घटले. २००५ मध्ये राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप कायद्याच्या भाषेत आले. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे त्याचे सूत्र आहे.

याची पहिली मोठी परीक्षा २०१५ मध्ये झाली. पाऊस कमी, त्यातच सिंहस्थ. जुलै ते सप्टेंबर नाशिक-त्र्यंबकला पर्वणीची स्नाने झाली. स्नानासाठी धरणाचे पाणी नदीत सोडावे का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबरात जायकवाडीसाठी १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला आणि नाशिक-नगरमध्ये मोर्चे निघाले. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, नाशिकचे रामकुंड कोरडे पडले. त्याच वर्षी सप्टेंबरात उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचा आदेश कायम ठेवला. २०१८ आणि २०२३ मध्येही असेच आदेश निघाले, तसेच मोर्चे निघाले. नाशिकच्या माणसाला वाटते आपले पाणी गेले. मराठवाड्यातल्या माणसाला वाटते आपले पाणी अडले होते. दोघांच्याही बोलण्यात ते पाणी जेथे पडले त्या डोंगराचे नाव नसते.

तीस गुंठ्यांचा पाऊस

आता पुन्हा डोंगरात येऊ. त्र्यंबक तालुक्यात खरशेत गावाचा शेंद्रीपाडा आहे. तेथील महिला तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून, डोक्यावर हंडे घेऊन पलीकडे जात असत. २०२२ च्या जानेवारीत त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि थोड्याच दिवसांत तेथे लोखंडी पूल बसवण्यात आला. त्याच पावसाळ्यातील पुरात तो वाहून गेला. ब्रह्मगिरीवरच्या मेटघर किल्ला या वस्तीतही उन्हाळ्यात महिला खोल विहिरीत उतरून पाणी भरतानाची दृश्ये त्याच वर्षी दिसली. पलीकडे ठाणे जिल्ह्यात, तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत त्या शहापूरमध्येही दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' असे तिकडे म्हणतात.

येथे एक हिशेब मांडून पाहू. ग्रामीण भागासाठी जलजीवन मोहिमेत माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. ३०० वस्तीच्या पाड्याला वर्षभरासाठी ६० लाख लिटर लागतील. २००० मिलीमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दोन कोटी लिटर. तेव्हा पाड्याची वर्षाची गरज म्हणजे केवळ तीस गुंठ्यांवर पडणारा पाऊस! पाणी नाही म्हणून तहान आहे असे म्हणायला जागाच उरत नाही. कमी आहे ते साठवण्याचे ठिकाण. बेसॉल्ट मुरवू देत नाही, उतार थांबू देत नाही. मोठी धरणे दरीच्या तळाशी असतात आणि पाडे वर डोंगरसोंडांवर. धरणातले पाणी खाली शहराकडे उताराने जाते; वर पाड्याकडे न्यायचे तर पंप, वीज आणि वीजबिल भरणारा कोणीतरी लागतो. किल्ल्यावरच्या टाक्यांची युक्ती येथे का वापरू नये? झऱ्याच्या तोंडाशी बांधीव टाके, शाळेच्या छपराचे पाणी साठवणारी टाकी, वरच्या उतारावर चर आणि झाडी, अशी छोटी कामे कोठे कोठे झालीही आहेत. पण त्यांच्या मागे मुंबईच्या तलावांसारखे रोज पातळी मोजणारे खाते नाही.

जगात इतरत्रही शहरे डोंगरांवर जगतात. न्यूयॉर्क आपले बहुतेक पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या दूरच्या पाणलोटांतून घेते. तेथे धरणांसाठी गावे उठवली गेली, त्याचा राग तेथेही पिढ्यान्‌पिढ्या राहिला. १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला. पाणलोटातील जमीन, जंगल आणि सांडपाण्याची व्यवस्था सांभाळण्यासाठी शहराने पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात स्वच्छ पाणी मिळवायचे. शहराचा त्यातला स्वार्थ उघड होता. नाहीतर कित्येक अब्ज डॉलरचे गाळणयंत्र उभारावे लागणार होते. आपल्याकडे मुंबई किंवा नाशिक यांच्या पाणीपट्टीतून डोंगराला असा नेमका हिस्सा ठरलेला नाही. उलट त्र्यंबक गावातून जाणारे गोदावरीचे पात्र काँक्रीटखाली झाकले गेले, त्याविरुद्ध नागरिकांना राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे उतार यंत्रांनी खोदले जात असल्याबद्दल २०२१ च्या सुमारास मोठी ओरड झाली.

पुढच्या योजनाही तयार आहेत. पश्चिमेकडे वाहून जाणारे दमणगंगा आणि वैतरणा खोऱ्यांतील पाणी उचलून गोदावरीत टाकायचे, म्हणजे नाशिक आणि मराठवाड्याची भांडणे मिटतील, असा त्यांचा आधार. दुसरीकडे दमणगंगेचे पाणी पिंजाळमार्गे मुंबईला नेण्याचीही योजना आहे. दोन्ही आराखड्यांतले पाणी पुन्हा पेठ, त्र्यंबक, जव्हार, मोखाडा याच डोंगराळ पट्ट्यातून आणि त्याच्या शेजारून घ्यायचे आहे.

नाशिक, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील शिक्षकांनी एक काम करून पाहावे. भिंतीवरच्या नकाशात ब्रह्मगिरी शोधावा, त्यातून गोदावरी आणि वैतरणा निळ्या पेन्सिलीने काढाव्यात. वर आलेली धरणे त्यांच्या वर्षांसह जागच्या जागी लिहावीत. मग आपल्या शाळेत ज्या पाड्यांवरून मुले येतात ते पाडे लाल ठिपक्यांनी दाखवावेत, आणि प्रत्येक मुलाला घरचे पाणी कोठून, किती अंतरावरून आणि कोण आणते हे ठिपक्याशेजारी लिहायला सांगावे. हे काम मार्च महिन्यात एकदा आणि मेच्या सुट्टीनंतर शाळा उघडताच पुन्हा एकदा करावे. दोन नोंदींतले अंतराचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की झरा कोणत्या महिन्यात आटतो तेही कळेल.